कॉर्नवॉलचा मासा घेताना: साधन कोणतं, माप किती, महिना कुठला

ब्रिटनमधल्या कुठल्याही सुपरमार्केटच्या मासळीच्या काउंटरवर पाच नावं हमखास असतात: कॉड, हॅडॉक, सॅमन, ट्यूना आणि कोळंबी. तिथे खाल्ल्या जाणाऱ्या मासळीत साधारण ८० टक्के वाटा या पाचांचाच. कॉड मुख्यतः आइसलंड-नॉर्वेकडून येतो, ट्यूना उष्ण समुद्रातून, आणि मोठी कोळंबी व्हिएतनाम, भारत अशा देशांतल्या तलावांतून. आंध्रच्या किनाऱ्यावर वाढलेली व्हेनामी कोळंबी लंडनच्या फ्रीझरपर्यंत पोचते. त्याच वेळी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या न्यूलिन बंदरात उतरलेले खेकडे फ्रान्स-स्पेनच्या वाटेला लागतात, मेग्रिम नावाचा लेपासारखा चपटा मासा बहुतांश स्पेनला जातो, आणि कटलफिश, म्हणजे आपल्याकडचं जाड माकुल, इटलीच्या ताटात पडतं.

या उलटसुलट व्यापाराची किंमत बंदरं मोजतात. २०२० मध्ये कोरोनामुळे युरोपातली हॉटेलं बंद झाली आणि २०२१ च्या जानेवारीपासून ब्रेक्झिटची कागदपत्रं आली, तेव्हा मासा असूनही गिऱ्हाईक नाही अशी वेळ आली. २०२१ मध्येच कॉर्नवॉलच्या मच्छीमारांच्या उत्पादक संघटनेने मेग्रिमला ‘कॉर्निश सोल’ आणि स्पायडर क्रॅबला ‘कॉर्निश किंग क्रॅब’ अशी नवी नावं दिली. घरच्या माणसाने घरचा मासा ओळखावा, एवढीच त्यामागची धडपड होती आणि ती योग्यच होती.

पण ‘स्थानिक’ आणि ‘शाश्वत’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मासा बंदरापासून दोन मैलांवर पकडलेला असला तरी त्याचा साठा संपत आलेला असू शकतो. उलट लांबून आलेला एखादा मासा नीट सांभाळलेल्या साठ्यातलाही असतो. साठा टिकतो तो एका साध्या हिशेबाने: नवी पिल्लं आणि वाढलेलं वजन मिळून, आपसूक मरणारे वजा जाता, समुद्रात वर्षाला जेवढी भर पडते, त्याहून जास्त काढायचं नाही. हा हिशेब कुठे जुळतो आणि कुठे फसतो हे कळायला मासा कोणता, कशाने पकडला, कुठे आणि कधी, हे चारही विचारावं लागतं. कॉर्नवॉलमध्ये या चार प्रश्नांची इतकी वेगवेगळी उत्तरं मिळतात की एकाच जिल्ह्याचा किनारा धरून विषय समजून घेता येतो.

सापळा, आणि त्यातून बाहेर पडायची वाट

आधी शेवंड. आपल्या कोकणातल्या शेवंडीला लांब मिशा असतात, नांग्या नसतात. ब्रिटनच्या लॉब्स्टरला दोन दणकट नांग्या असतात, एक चिरडायची आणि एक कापायची. जिवंतपणी त्याचा रंग निळा-काळा असतो, शिजल्यावर तांबडा होतो.

त्याला पकडतात सापळ्याने, तिथल्या भाषेत ‘पॉट’. लोखंडी सळ्यांची दोन-अडीच फुटांची चौकट, तिच्यावर जाळी, सळ्यांना गुंडाळलेलं रबर आणि तळाशी वजन. आत दोन खोल्या. पहिल्या खोलीला नरसाळ्यासारखं जाळीचं तोंड असतं आणि मध्ये आमिष बांधलेलं. खेकड्याला ताजा मासा आवडतो, शेवंडीला मुरलेला किंवा खारवलेला चालतो, म्हणून जाणकार आमिषच निवडून लावतात. आमिष खाऊन प्राणी बाहेरची वाट शोधतो आणि दुसऱ्या नरसाळ्यातून मागच्या खोलीत जातो. तिचं नाव ‘पार्लर’. तिथून परत फिरणं फार अवघड असतं. जुन्या काळी वेताचे, वरून तोंड असलेले, दौतीच्या आकाराचे सापळे असत. त्यातून शेवंड उशीर झाला की निसटायची, त्यामुळे ते रोज उचलावे लागत. पार्लरचा सापळा वादळात चार दिवस पाण्यात राहिला तरी माल आत राहतो.

इथेच पहिली अडचण उभी राहते. जो सापळा सोडत नाही, तो लहानांनाही सोडत नाही. यावर उपाय म्हणजे पार्लरच्या भिंतीत बसवलेली एक प्लॅस्टिकची खिडकी, ‘एस्केप गॅप’. तिची उंची ४६ मिलिमीटर आणि रुंदी साधारण ८० ते ८४ मिलिमीटर. मापात न बसणारी शेवंड तिच्यातून समुद्रतळावरच चालती होते. डेवनसह काही भागांत ही खिडकी सक्तीची आहे. लहान प्राणी बोटीवर आणून, मोजून परत फेकता येतोच, मग खिडकी कशाला, असं वाटेल. पण वरून फेकलेली छोटी शेवंड वीस-तीस वाव पाण्यातून खाली जाताना वाटेतल्या माशांचं खाद्य होते, आणि खाली पोचली तरी तिचं बीळ तिथे नसतं. खिडकीचा आणखी एक फायदा मच्छीमारालाच होतो: आत गर्दी कमी, म्हणून भांडणं कमी आणि तुटलेल्या नांग्याही कमी.

वीस-तीस सापळे एका दोरावर बांधतात, दोन्ही टोकांना नांगर आणि बोया. उचलायची वेळ भरती-ओहोटी ठरवते. उधाणाला प्रवाह इतका ओढतो की बोये पाण्याखाली जातात, मग पाणी थांबायच्या छोट्या वेळेतच दोर हाती लागतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांत सवड जास्त मिळते. वादळाचा अंदाज असेल तर उथळ खडकांवरचे सापळे आधीच खोल पाण्यात हलवावे लागतात, नाहीतर लाटा सगळी माळ गुंडाळून तिचा गोळा करतात. सगळ्यात धोक्याचा क्षण सापळे परत सोडतानाचा असतो. दोर सपासप सुटत असतो आणि त्याच्या वेटोळ्यात पाय अडकला तर माणूस सापळ्याबरोबर पाण्यात खेचला जातो. म्हणून चांगल्या बोटींवर दोर आणि माणूस यांच्यामध्ये फळी असते आणि सापळे मागच्या दारातून आपोआप घसरतात. एकट्याने चालवलेल्या छोट्या बोटीवर ही सोय नसेल तर चूक सुधारायला दुसरं कुणी नसतं.

सापळा वर आला की पट्टी निघते. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंतचं अंतर मोजतात, नांग्या आणि शेपटी धरत नाहीत. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण किमान माप ८७ मिलिमीटर आहे, कॉर्नवॉलने स्वतःसाठी ते ९० केलंय. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ही वाढ कात टाकूनच होते. जास्तीचा काळ पाण्यात मिळाला की आणखी काही माद्या निदान एकदा अंडी देऊन मग सापळ्यात येतात. विकायच्या मापाला यायला शेवंडीला पाच ते सात वर्षं लागतात. मादी पोटाखाली वीस हजारांपर्यंत अंडी नऊ महिने ते वर्षभर वागवते, आणि त्यातलं एखादंच पिल्लू मोठं होतं.

म्हणून १ ऑक्टोबर २०१७ पासून इंग्लंडमध्ये अंडी असलेली मादी बंदरात उतरवायला बंदी आहे. त्याच्याही आधीपासून एक वेगळी पद्धत चालत आली आहे. चांगली मोठी मादी मिळाली की तिच्या शेपटीच्या पाकळीला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची छोटी खाच पाडून तिला सोडून देतात. खाच असलेली शेवंड विकता येत नाही, मग अंगावर अंडी असोत वा नसोत. दोन-तीन वेळा कात टाकेपर्यंत खाच दिसत राहते, तेवढी वर्षं ती मादी सुरक्षित. हातातली कमाई स्वतःच्या हाताने परत पाण्यात सोडायची, आणि पुढच्या बोटीवाल्यानेही खाच ओळखून तिला सोडायचं. सगळी रीत एकमेकांवरच्या विश्वासावर चालते. एकाने जरी खाच कापून ती विकली तरी आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते.

पॅडस्टो गावात २००० साली सुरू झालेली नॅशनल लॉब्स्टर हॅचरी याच्या पुढचं पाऊल टाकते. मच्छीमार परवान्याने अंड्यांची मादी तिथे आणून देतात. अंडी फुटल्यावर पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि समुद्रात हाच काळ जीवघेणा असतो. हॅचरीत हा काळ टाकीत काढून, तळाला बसायच्या वयाची पिल्लं समुद्रात सोडतात. तळाला बसायच्या वयाची झाली की ती एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा द्यावा लागतो.

एवढं असूनही सापळा म्हणजे आपोआप शाश्वत, असं नाही. डॉर्सेट-डेवनच्या लाइम बेमध्ये २००८ साली समुद्रतळ खरवडणारी अवजारं बंद झाली. तिथे गुलाबी जाळीदार प्रवाळ परत वाढलं, माशांच्या जाती वाढल्या. त्याच उपसागरात प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात हेही दिसलं की सापळे फार दाट लावले तर तळाची हानी होते आणि खेकडे-शेवंडीचं प्रमाणही घटतं. नॉर्थम्बरलंडमध्ये म्हणूनच एका परवान्याला ८०० सापळ्यांची मर्यादा आहे. दोर तुटून हरवलेला सापळा तळाशी पकडत राहतो, आत मेलेला प्राणीच पुढच्याचं आमिष होतो. आणि काही संकटं नियमांच्या बाहेरचीच. २०२५ च्या वसंतात डेवन-कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ऑक्टोपस प्रचंड संख्येने आले. सापळे वर येत ते रिकाम्या कवचांनी भरलेले. ऑक्टोपस आत शिरून खेकडे खाऊन निघूनही जात होता. ज्याच्याकडे ऑक्टोपस विकायची सोय होती त्याने ते वर्ष निभावलं, फक्त खेकड्यावर अवलंबून असलेल्याला ते फार जड गेलं.

इंजिन बंद, शीड वर

फालमथच्या खाडीत, कॅरिक रोड्स नावाच्या पाण्यात, कालवं काढायची जी रीत आहे तिच्याइतका साधा आणि पक्का नियम शोधून सापडणार नाही: इंजिन वापरायचं नाही. कालवं काढायची ती शिडाच्या होडीतून किंवा वल्ह्याच्या छोट्या पंटातून, आणि अवजार हाताने ओढून. शिडाने चालणारं कालवांचं असं काम जगात दुसरीकडे जवळजवळ उरलेलं नाही.

हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते दुपारी ३, शनिवारी ९ ते १. अवजार म्हणजे ‘ड्रेज’: त्रिकोणी लोखंडी चौकट, तिच्या तळाला पातं आणि मागे कड्यांची पिशवी. होडी शीड उलटं धरून वाऱ्याबरोबर आडवी सरकत राहते आणि ड्रेज तळावरून घासत येतो. पंटवाला वेगळं करतो: नांगर टाकतो, होडी लांब जाऊ देतो आणि मग हाताच्या रहाटाने स्वतःला नांगराकडे ओढत आणतो, मागे ड्रेज. वारा पडला तर शिडाची होडी जागची हलत नाही, वारा फार झाला तर ड्रेज तळाला टेकतच नाही, उड्या मारतो.

ड्रेज वर आला की पिशवी फळीवर उलटी करतात. चिखल, रिकामे शिंपले, खेकड्याची पोरं, समुद्री शेवाळ आणि त्यात दडलेली चार-सहा कालवं. हातात ६७ मिलिमीटर व्यासाचं पितळी कडं असतं. कालव त्यातून आरपार गेलं तर परत पाण्यात, अडकलं तर टोपलीत. आणि फळीवर उरलेले रिकामे शिंपलेही पाण्यातच परत जायला हवेत. कालवाचं पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगून मग कशाला तरी चिकटतं, आणि त्याला सगळ्यात आवडतो तो जुना शिंपला. शिंपले उचलून नेले तर पुढच्या पिढीला बसायला जागाच राहत नाही. हे कालव युरोपचं मूळचं, चपटं आणि संथ वाढणारं. त्या कड्यात अडकण्याएवढं व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात.

इंजिनाला बंदी केल्याने नेमकं काय होतं? दिवसभरात काढता येणाऱ्या कालवांना माणसाच्या दंडाची आणि वाऱ्याची मर्यादा पडते. कोटा, म्हणजे किती पकडायचं याची ठरवून दिलेली मर्यादा, मोजायला कारकून लागत नाही. एक धनिक मोठी बोट घेऊन आठवड्यात खाडी साफ करू शकत नाही. काम अवघड ठेवल्यामुळेच ते अनेक घरांना पुरतं, आणि पिढ्यान् पिढ्या पुरत आलंय.

तरीही बाहेरचं संकट इथेही पोचतं. १९८२ मध्ये बोनामिया नावाचा परजीवी रोग इथे आला आणि कालवं मोठ्या प्रमाणात मेली. माणसाला त्याचा धोका नाही, पण कालव मापाला येण्याआधी मरतं. दुसरं संकट मैल्याचं. कालव, शिणाणे हे प्राणी पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या मांसात साचतं. म्हणून खाडीच्या प्रत्येक भागाला अ, ब, क असा दर्जा असतो. १०० ग्रॅम मांसात ई-कोलाय जिवाणू २३० पर्यंत असतील तर ‘अ’, साधारण ४,६०० पर्यंत ‘ब’. ‘ब’ पाण्यातलं कालव अतिनील किरणांनी शुद्ध केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ४२ तास ठेवल्याशिवाय कच्चं खायला विकता येत नाही. टाकीत कालवं एकावर एक फार रचली किंवा पाणी फार गार झालं तर ती तोंड उघडत नाहीत, पाणी गाळत नाहीत, आणि ४२ तास फुकट जातात. मुसळधार पावसात गटारं ओसंडून खाडीत सुटतात तेव्हा दर्जा घसरतो आणि भोगतो तो कालववाला, ज्याने घाण टाकलेलीच नाही. ब्रेक्झिटनंतर तर ‘ब’ पाण्यातली जिवंत कालवं शुद्ध न करता युरोपला पाठवायची वाटच बंद झाली.

घेराचं जाळं नेहमी वाईटच असतं का?

कॉर्नवॉलची तारली म्हणजे पिल्चर्ड. एकेकाळी कड्यावर टेहळ्या उभा असे, त्याला ‘ह्यूअर’ म्हणत. पाण्यावर माशाचा काळा-तांबडा डाग दिसला की तो ‘हेव्वा! हेव्वा!’ ओरडे, आणि खाली होड्या जाळं घेऊन थव्याला वेढा घालत. न्यूकी गावात त्याची पांढरी झोपडी आजही उभी आहे. मालवणकडची रापण ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. मासा मिठात दाबून, पिंपांत भरून इटलीला जायचा. नंतर टिनातल्या माशांमुळे मागणी गेली आणि पिल्चर्ड हे नावच जुनाट वाटायला लागलं. १९९० च्या दशकात न्यूलिनच्या एका व्यापाऱ्याने तोच मासा ‘कॉर्निश सार्डिन’ म्हणून विकायला सुरुवात केली. मासा एकच, नाव बदललं, आणि गिऱ्हाईक परत आलं. २००९ मध्ये त्या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालं, २०१० मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र.

आज हा मासा रिंगनेटने पकडतात, म्हणजे छोट्या पर्ससीनने. पर्ससीन म्हटलं की कोकणातला वाचक दचकेल, आणि त्याला कारण आहे. २०१६ पासून महाराष्ट्रात त्यावर कडक निर्बंध आहेत. पण जाळ्याच्या नावावरून निकाल देता येत नाही, आकडे पाहावे लागतात. कॉर्नवॉलमध्ये अशा बोटी पंधराच्या आसपास, लांबी १५ मीटरच्या आत, हंगाम साधारण ऑगस्ट ते फेब्रुवारी, आणि फेरी एका रात्रीची. सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र, त्यावर थवा पाहून त्याला वेढा घालतात, खालचा दोर आवळतात आणि मासा जाळ्यात जिवंत असतानाच मोठ्या झेल्याने किंवा पंपाने बर्फाच्या पातळ काल्यात ओततात. जाळं तळाला घासत नाही आणि थवा बहुतेक एकाच जातीचा असतो.

बिघडतं ते बर्फात. तारलीच्या पोटातले पाचक रस फार तीव्र असतात. मासा पोटभर खाल्लेला असताना सापडला आणि थंड व्हायला उशीर झाला तर पोट फुटतं, आणि माल आमिषाच्या भावाने जातो. म्हणून बोट बंदरातून निघतानाच टाक्यांत बर्फ आणि समुद्राचं पाणी कालवून ठेवतात. किती मासा मिळेल याचा अंदाज चुकून बर्फ कमी भरला, तर शेवटची टाकी हातची जाते.

कोटा कुणाकडे गेला

ब्रिटनच्या मासेमारी बोटींपैकी पाचांतल्या चार १० मीटरपेक्षा लहान आहेत. पण कॉड, सोल, मॅकरेल अशा कोट्यातल्या माशांचा फार थोडा वाटा त्यांच्याकडे आहे. याचं कारण एका हिशेबात आहे. १९९९ मध्ये कोटा कायमच्या हिश्शांत वाटला गेला आणि त्यासाठी १९९४ ते १९९६ च्या पकडीच्या नोंदी धरल्या. तेव्हा १० मीटरच्या आतल्या बोटींना नोंदवही ठेवायची सक्तीच नव्हती. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना हिस्सा मिळाला. लहानांसाठी एक सामाईक कोटा उरला, तो सरकार महिन्या-महिन्याने थोडा थोडा देतं. हा अन्याय होता आणि त्याचे परिणाम आजही बंदराबंदरांत दिसतात.

छोटी बोट म्हणूनच कोटा नसलेल्या जिवांवर जगते: खेकडा, शेवंड, कटलफिश, तारली. त्यांच्यावर देशाच्या एकूण पकडीची मर्यादा नाही, म्हणून किनाऱ्याचे नियमच त्यांना वाचवतात. इंग्लंडमध्ये किनाऱ्यापासून सहा सागरी मैलांपर्यंत हे नियम दहा स्थानिक प्राधिकरणं करतात. २००९ च्या कायद्याने ती आली आणि २०११ पासून कामाला लागली. त्यांच्या समितीत मच्छीमारही असतात आणि निसर्गाचे अभ्यासकही. कॉर्नवॉलचं ९० मिलिमीटर तिथूनच आलं. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै सरसकट बंदी असते, तशी एकच मोठी बंदी तिथे नाही. तिथे प्रत्येक जिवाचं वेगळं वेळापत्रक असतं. उदाहरणार्थ सी-बास: फेब्रुवारी-मार्च बंद, आणि किमान लांबी ४२ सेंटिमीटर. २०१५ पर्यंत ती ३६ होती, म्हणजे पुष्कळशा माद्या एकदाही अंडी न घालता पकडल्या जात होत्या.

सगळं नीट करूनही

आता कठीण भाग. मॅकरेल, आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला भाऊबंद, कॉर्नवॉलमध्ये गरवूनही पकडतात. एका दोरीला पंचवीस-तीस गळ, रंगीत नळ्या किंवा पिसं, खाली शिसं. तळाला धक्का नाही, नको तो मासा जिवंत परत सोडता येतो. किनाऱ्याजवळच्या मोठ्या पट्ट्यात, ‘मॅकरेल बॉक्स’मध्ये, महाकाय जहाजांना १९८० च्या दशकापासून हा मासा पकडायला मनाई आहे. याहून सौम्य मासेमारी ती कोणती?

तरीही मॅकरेल आज संकटात आहे. हा मासा हजारो मैल फिरतो. नॉर्वे, आइसलंड, फेरो बेटं, युरोपीय संघ आणि ब्रिटन यांनी आपापला वाटा आपणच ठरवला, आणि सगळे वाटे मिळून शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी वर गेले. २०१९ मध्ये प्रमाणपत्र निलंबित झालं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पुढच्या वर्षासाठी सुमारे ७० टक्के कपात सुचवली. पोलॅक या माशाचं त्याआधीच तसं झालं: २०२४ साठी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या पाण्यात शून्य पकडीचा सल्ला आला आणि पोलॅकची गरवणी करून जगणाऱ्या छोट्या बोटींचं उत्पन्न एका हिवाळ्यात गेलं. साधन सौम्य आहे की नाही हे मच्छीमाराच्या हातात असतं, साठा किती उरला ते नेहमी नसतं. म्हणून ‘गरवलेला आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. मरीन कन्झर्वेशन सोसायटी प्रत्येक मासा, जागा आणि साधन यांना मिळून १ ते ५ गुण देते. १ उत्तम, ५ म्हणजे घेऊ नका. गुण बदलत राहतात, मागच्या वर्षीचं पाठांतर कामाचं नाही.

बाजारात आणि ओट्यावर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना या किनाऱ्यावरची मासळी परकी वाटायचं कारण नाही. कॉर्निश सार्डिन तारलीसारखीच तेलकट आणि काटेरी, कोकमाचं आंबट-तिखट तिला झकास लागतं. मेग्रिम लेपासारखा पातळ आहे, रवा लावून तळताना एका बाजूला दोन मिनिटं पुरतात. जास्त ठेवला तर चामड्यासारखा होतो.

गरवलेल्या सी-बासच्या कल्ल्यात कधी कधी छोटा बिल्ला अडकवलेला असतो. त्यावरच्या क्रमांकावरून तो कुणी पकडला ते कळतं. सार्डिन ऑगस्टपासून हिवाळा संपेपर्यंत, कालवं ऑक्टोबर ते मार्च, खेकडा उन्हाळ्याच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत भरलेला. सार्डिन आणि मॅकरेल विकत घेतल्यावर घरी नेईपर्यंत बर्फ हवाच. ४ अंशांच्या वर राहिल्यास त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. बांगड्यालाही हेच लागू आहे.

तपकिरी खेकडा घेताना तो उचलून पाहावा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. हलका असेल आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर त्याने नुकतीच कात टाकली आहे, आत मांस नाही. कवच दाबून लवचिक लागलं तर तो घेऊच नये, असा खेकडा उतरवायलाच मनाई असते. पोटाखालचं झाकण अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद असेल तर मादी, अगदी आपल्या कुर्लीसारखं. नराच्या नांग्यांत पांढरं मांस जास्त, मादीच्या पाठीत तपकिरी. कॉर्नवॉलमध्ये किमान रुंदी नराला १६० मिलिमीटर, मादीला १५०.

जिवंत खेकडा थेट उकळत्या पाण्यात टाकू नये. तो धडपडतो, पाय टाकून देतो आणि पाणी आत शिरून मांस बेचव होतं. फ्रीझरमध्ये निपचित पडेपर्यंत ठेवावा, मग पोटाखालचं झाकण उचलून तिथल्या खळग्यात आणि डोळ्यांच्या मधे टोच्याने भोसकून तो पटकन मारावा. पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकंच खारट. किलोभराच्या खेकड्याला पाणी परत उकळल्यापासून २० मिनिटं. गार झाल्यावर पाठ उघडली की दोन्ही बाजूंना करडे, मऊ, बोटांसारखे कल्ले दिसतात. ते सगळे काढून टाकायचे, डोळ्यांमागची पिशवीही. उरलेल्यातून एकूण वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा मांस निघतं. कवचं फेकू नयेत: ओल्या खोबऱ्याच्या वाटणाचं कालवण करायचं असेल तर ती ठेचून अर्धा तास उकळावीत आणि ते पाणी गाळून त्यात वाटण घालावं.